एका गुणाचा हिशेब : माँट्रियल, मार्च १९५५

मार्च १९५५च्या उत्तरार्धात कॅनडातील माँट्रियल शहराच्या हॉकीप्रेमींनी आपल्याच संघातल्या, आपलीच भाषा बोलणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या खेळाडूची हुर्यो उडवली. त्याचा अपराध एवढाच, की तो चांगला खेळला होता आणि त्यामुळे गुणांच्या तक्त्यात त्याचे नाव सर्वांत वर गेले होते. बर्नार जोफ्रियाँ हे त्याचे नाव. त्याच आठवड्यात त्याच शहरात, हॉकीच्याच कारणावरून, मोठी दंगल झाली. ती दंगल कॅनडाच्या इतिहासात सुस्थिर झाली आहे. तिच्यावर पुस्तके आहेत, चित्रपट आहेत, अभ्यासक्रमांत तिला जागा आहे. जोफ्रियाँच्या हुर्योला मात्र या साऱ्या लेखनात बहुधा एखादे वाक्य मिळते, तेही जाता जाता. आम्हांला त्या एका वाक्यापाशी थांबावेसे वाटते.

हॉकी म्हटले की आपल्यापुढे ध्यानचंद आणि हिरवळ उभी राहते. कॅनडात नुसते 'हॉकी' म्हटले की ती बर्फावरची समजायची. पायांत पाती लावलेले बूट, हातात लांब काठी, चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती आणि प्रत्येक बाजूस एका वेळी सहा खेळाडू. त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते : माँट्रियल, टोरांटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो आणि डेट्रॉइट. प्रत्येकाने हंगामात ७० सामने खेळावयाचे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. हा झाला संघांचा तक्ता. खेळाडूंचा तक्ता वेगळा. त्यात गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्या गोलासाठी चकती पुरवणाऱ्यालाही एक गुण. हंगामाच्या अखेरीस ज्याचे गुण सर्वाधिक, त्याला आर्ट रॉस करंडक. हे दोन तक्ते वाचकाने मनात ठेवावेत, कारण पुढची सारी कथा त्यांच्या वरच्या दोन ओळींत घडते.

माँट्रियलच्या संघाचा नायक मोरिस रिशार. (इंग्रजी वर्तमानपत्रे याच नावाचा उच्चार 'रिचर्ड' असा करीत आणि फ्रेंच घरांत 'रिशार' म्हणत. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. देवनागरीत लिहिताना मात्र पक्ष निवडावा लागतो.) १९२१ साली माँट्रियलमध्येच जन्मलेल्या रिशारचे वडील रेल्वेच्या कारखान्यात कामगार होते आणि तो स्वतःही यंत्रकाम शिकलेला होता. १९४२-४३च्या पहिल्याच हंगामात सोळा सामन्यांनंतर त्याचे पायाचे हाड मोडले, आणि हा मुलगा या आडदांड खेळात टिकणार नाही अशी शंका तेव्हा जाणत्यांनीही घेतली. दोनच वर्षांनी, १९४४-४५ मध्ये, त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. तोपर्यंत लीगमध्ये कोणालाही एका हंगामात पन्नास गोल साधले नव्हते. 'रॉकेट' हे त्याचे टोपणनाव घरोघरी झाले. डिसेंबर १९५४ मध्ये कारकिर्दीतील चारशे गोलांचा टप्पा ओलांडणाराही तोच पहिला.

आणि तरीही आर्ट रॉस करंडक त्याला कधी मिळाला नाही. साहाय्याचे गुण धरून होणाऱ्या त्या तक्त्यात तो पुनःपुन्हा दुसरा राहिला. १९४७ साली शिकागोच्या मॅक्स बेंटलीचे ७२ गुण झाले, रिशारचे ७१. पुढे डेट्रॉइटचा गॉर्डी हाव आला आणि १९५१ व १९५४ या दोन्ही वर्षी त्याच्यामागे रिशारच दुसरा होता. ज्यांनी कोणत्याही खेळाच्या चाहत्यांचे वाद ऐकले आहेत त्यांना या वादाची जात ओळखीची वाटेल. गोल करणारा मोठा की करवणारा? हाव अधिक परिपूर्ण की रिशार अधिक जाज्वल्य? तेहतीस वर्षांचा झालेला, वजन वाढलेला, दर हंगामात पंचांशी भांडणारा हा नायक आता उताराला लागला की नाही? अशा वादाला उत्तर नसते, तक्ता मात्र असतो. मार्च १९५५च्या मध्याला त्या तक्त्यात रिशार सर्वांत वर होता. थोड्या गुणांनी मागे त्याचाच सहकारी जोफ्रियाँ, आणि त्याच्याही मागे तिसरा सहकारी, जाँ बेलिव्हो. संघांच्या तक्त्यात माँट्रियल आणि डेट्रॉइट पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होते. हंगाम संपायला मोजके सामने उरले होते.

१३ मार्चला बॉस्टनच्या मैदानात हॅल लेको या खेळाडूची काठी रिशारच्या डोक्याला लागली. पाच टाके पडावेत इतकी जखम झाली. लेको एके काळी माँट्रियलकडूनच खेळलेला. रिशार काठी घेऊन त्याच्यावर धावून गेला. क्लिफ थॉम्प्सन या सहायक पंचाने त्याला धरले. तो सुटला आणि पुन्हा लेकोवर गेला. पुन्हा धरल्यावर त्याने थॉम्प्सनच्या तोंडावर दोन ठोसे लगावले. तीनच महिन्यांपूर्वी टोरांटोत एका सामनाधिकाऱ्याला हातमोज्याने मारल्याबद्दल त्याला दंड झाला होता. १६ मार्चला लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बेल यांनी माँट्रियलमधील आपल्या कार्यालयात सुनावणी घेतली आणि निकाल दिला : हंगामातले उरलेले तीनही सामने आणि त्यानंतरची संपूर्ण बाद फेरी यांतून रिशार निलंबित.

या निकालाकडे आज पाहताना आम्हांला तो उघड अन्यायाचा वाटत नाही, हे सांगून टाकलेले बरे. सामनाधिकाऱ्यावर दुसऱ्यांदा हात टाकणाऱ्या खेळाडूला कोणत्या खेळाने सोडून दिले असते? शिक्षा सौम्यच झाली असे म्हणणारेही प्रतिपक्षाच्या संघांत होते. पण शिक्षा कोणी दिली आणि कोणाला, हेही त्या शहराला दिसत होते. कॅम्बेल हे इंग्रजी भाषक, ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकलेले वकील, महायुद्धानंतर युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत काम केलेले. रिशार फ्रेंच भाषक कामगाराचा मुलगा, इंग्रजी पुढे शिकलेला. ज्या शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलत, त्या शहरातल्या बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या दुकानांचा वरच्या मजल्यावरचा कारभार इंग्रजीत चाले. पुढे १९६०च्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या द्विभाषिकताविषयक आयोगाने १९६१च्या आकड्यांवरून दाखवून दिले, की क्विबेक प्रांतातच फ्रेंच वंशाच्या पुरुषांचे सरासरी उत्पन्न चौदा वांशिक गटांत बाराव्या स्थानी होते. असाही एक तक्ता होता. तो तोवर कोणी छापलेला नव्हता, इतकेच.

एक गोष्ट येथेच नोंदवावी. रिशार आणि कॅम्बेल यांची चकमक जुनी होती. जानेवारी १९५४ मध्ये रिशारच्या नावाने एका फ्रेंच साप्ताहिकात सदर येई. त्यात कॅम्बेलना हुकूमशहा म्हटले गेले. त्याबद्दल रिशारला जाहीर माफी मागावी लागली, हजार डॉलरचा जामीन ठेवावा लागला आणि सदर बंद करावे लागले. हा सारा संताप कोणासाठी होता? न्यूयॉर्कच्या खेळाडूवर काठी उगारल्याबद्दल कॅम्बेलनी ज्या सहकाऱ्याला निलंबित केले होते त्याच्यासाठी. आणि तो सहकारी होता बर्नार जोफ्रियाँ.

१७ मार्चच्या संध्याकाळी माँट्रियलच्या फोरममध्ये डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. दोन्ही संघ गुणांत बरोबरीत. पहिले सत्र चालू असताना कॅम्बेल आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले. येऊ नये, अशी धमकीवजा सूचना त्यांना मिळालेली होती. शहराचे महापौर जाँ द्रापो यांनी नंतर त्यांच्या येण्यालाच दोष दिला. अंडी, टोमॅटो, कार्यक्रमपत्रिका, जे हाती लागेल ते त्यांच्या दिशेने येऊ लागले. हस्तांदोलनासाठी म्हणून पुढे झालेल्या एका माणसाने त्यांना थोबाडले. मग प्रेक्षागारात अश्रुधुराचा बाँब फुटला आणि फोरम रिकामे करावे लागले. त्या वेळी डेट्रॉइट ४-१ असे पुढे होते. सामना त्यांना बहाल करण्यात आला. बाहेर आधीच हजारोंचा जमाव निदर्शने करीत होता. सेंट कॅथरिन रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत काचा फुटल्या आणि दुकाने लुटली गेली. नुकसानीचा अंदाज एक लाख डॉलरपर्यंत केला गेला. दुसऱ्या संध्याकाळी रिशारने नभोवाणीवरून फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शांततेचे आवाहन केले. आपण शिक्षा भोगू आणि पुढच्या वर्षी परत येऊ, असे त्याने सांगितले. शहर शांत झाले.

हंगाम संपला तेव्हा डेट्रॉइटचे ९५ गुण होते आणि माँट्रियलचे ९३. म्हणजे त्या अर्धवट सामन्याचा निकाल उलटा लागला असता तर तक्त्यातल्या वरच्या दोन ओळींची अदलाबदल झाली असती. पुढे अंतिम फेरीत हेच दोन संघ आले. सातही सामने यजमानांनी जिंकले, आणि पहिल्या क्रमांकामुळे सातवा सामना डेट्रॉइटच्या वाट्याला आला होता. स्टॅन्ली करंडक तिकडे गेला. प्रेक्षकांनीच आपल्या संघाचे नुकसान केले असे म्हणावे, तर डेट्रॉइट तीन गोलांनी पुढे होते आणि शेवटच्या साखळी सामन्यातही त्यांनी माँट्रियलला ६-० असे हरवले. 'असे झाले असते तर' या प्रश्नाचा मोह आवरलेला बरा.

२१ मार्चच्या 'ल दव्वार' या दैनिकात आंद्रे लोरांदो यांचा लेख आला. साहित्याच्या अभ्यासकाने हा लेख मुद्दाम पाहावा. लोरांदो हे कादंबरीकार, नाटककार, संपादक आणि राष्ट्रवादी चळवळीतून आलेले विचारवंत. वर ज्या आयोगाचा उल्लेख आला त्याचे ते पुढे सहअध्यक्ष झाले. लेखाचे शीर्षक 'माझा भाऊ रिशार याला ठार मारले' अशा अर्थाचे आहे. फ्रेंच वाचकाला त्यातला प्रतिध्वनी तत्काळ ऐकू आला असणार. १८८५ साली मेती समाजाचा बंडखोर नेता लुई रिएल याला फाशी झाली, तेव्हा माँट्रियलच्या प्रचंड सभेत ओनोरे मर्सिए यांनी त्याला आपला भाऊ म्हटले होते. एका शब्दाने लोरांदो यांनी हॉकीच्या खेळाडूला सत्तर वर्षांपूर्वीच्या वधस्तंभापाशी नेऊन उभे केले.

लेख मात्र शीर्षकाइतका निःशंक नाही, आणि तेच त्याचे मोल आहे. या वेळचा मृत्यू केवळ प्रतीकात्मक आहे, हे लेखक बजावतात. जमावाच्या भावना गोंधळलेल्या होत्या हेही मान्य करतात, आणि मग विचारतात, की त्या गोंधळात आपल्या ओळखीच्या जुन्या भावना दिसतात असे म्हटले तर चूक होईल का? विधानाच्या जागी प्रश्न आहे; सुरात किंचित उपरोध आहे. पुढच्या इतिहासकथनाने ते प्रश्नचिन्ह हळूहळू पुसले. १९५९ साली प्रांताचे प्रमुख मोरिस द्युप्लेसी यांचे निधन झाले, १९६० नंतर क्विबेकमध्ये शिक्षण, उद्योग आणि भाषा यांच्या धोरणांत जे स्थित्यंतर झाले त्याला 'शांत क्रांती' असे नाव मिळाले, आणि १९५५ची दंगल तिची पहिली ठिणगी ठरली. रिशार स्वतः या भूमिकेत कधी रमला नाही. आपण फक्त हॉकी खेळणारा माणूस, असेच तो सांगत आला. २००० साली तो वारला तेव्हा क्विबेक प्रांताने त्याला शासकीय अंत्यसंस्काराचा मान दिला.

ठिणगीच्या या कथेत जोफ्रियाँला कुठे बसवायचे? रिशारच्या निलंबनानंतर उरलेल्या सामन्यांत तो खेळत राहिला. खेळणे हे त्याचे काम होते आणि संघाला पहिल्या क्रमांकासाठी प्रत्येक गोल हवा होता. हंगाम संपला तेव्हा त्याचे ७५ गुण होते, रिशारचे ७४, बेलिव्होचे ७३. गोल दोघांचेही ३८च. फरक होता एका साहाय्याचा. जो करंडक रिशारला कधी मिळाला नव्हता आणि पुढेही मिळाला नाही, तो जोफ्रियाँला मिळाला. आणि कॅम्बेलवर टोमॅटो फेकणाऱ्या शहराने या फ्रेंच भाषक, माँट्रियलमध्येच वाढलेल्या तरुणाला धिक्कारले. मुद्दाम गोल न करणे आपल्याला शक्यच नव्हते, अशी कैफियत त्याला पुढे अनेकदा द्यावी लागली.

दंगल फ्रेंचांची इंग्रजांविरुद्ध होती, एवढ्यावर थांबणाऱ्या वाचनाला ही हुर्यो अडचणीची आहे. म्हणून ती तळटीपेत जाते. उलट बाजूला, हे सारे चाहत्यांचे वेड, त्याचा भाषेशी काय संबंध, असे म्हणणारेही तेव्हा होते आणि आजही आहेत. त्यांना ही हुर्यो पुरावा म्हणून आवडते. संघातही डग हार्वीसारखे नामांकित इंग्रजी भाषक होते, आणि १९३८ साली शहराचा दुसरा, इंग्रजी लोकांचा मानला जाणारा संघ बंद पडल्यापासून इंग्रजी प्रेक्षकही याच संघाकडे वळले होते. ते फोरम मुळात त्या दुसऱ्या संघासाठी बांधलेले. तेव्हा त्या रात्रीच्या गर्दीची एकच मातृभाषा नव्हती हे खरे.

आम्हांला दोन्ही वाचने अपुरी वाटतात, आणि त्याचे कारण तक्त्यात आहे. ज्या समाजाचे नाव कचेरीच्या, बँकेच्या, पगाराच्या कोणत्याच यादीत वर लागत नाही, त्याच्यासाठी दररोज वर्तमानपत्रात छापून येणारी, कोणालाही वाचता येणारी आणि अध्यक्षालाही खोटी ठरवता न येणारी एक यादी होती. तिच्यात वशिला नव्हता, भाषेची अट नव्हती. त्या यादीच्या पहिल्या ओळीत रिशारचे नाव यावे, ही बारा वर्षांची ठेव होती आणि ती १९४७ साली एका गुणाने हुकलेली होती. जोफ्रियाँने तीच जागा घेतली. यादीच्या दृष्टीने फ्रेंच नाव वर गेलेच होते, तिन्ही नावे फ्रेंचच होती. पण ठेव यादीत फ्रेंच नाव यावे एवढीच नव्हती, ती एका माणसाच्या नावावर होती. समाज आपला मान ज्याच्यावर सोपवतो त्याच्या जागी समाजातलाच दुसरा आला, तरी त्याला तो वारस मानत नाही, चोर मानतो. एवढ्या अर्थाने ती हुर्यो दंगलीहून अधिक बोलकी आहे. दंगलीत इंग्रजी सत्तेचा राग दिसतो. हुर्योत त्या समाजाला मानाची किती थोडी ठिकाणे उपलब्ध होती हे दिसते.

या एकाच नावाच्या ओढीचे सर्वांत नेमके चित्रण आम्हांला इतिहासग्रंथांत न सापडता एका बालकथेत सापडले. रॉक कारिए यांची 'हॉकीचा स्वेटर' ही कथा १९७९ साली प्रसिद्ध झाली. १९४६च्या हिवाळ्यात क्विबेकमधल्या एका खेड्यात सगळी मुले रिशारचा नऊ नंबरचा स्वेटर घालून, त्याच्यासारखे केस वळवून खेळतात. एका मुलाची आई इंग्रजी दुकानाच्या कॅटलॉगवरून नवा स्वेटर मागवते आणि पार्सलमधून निघतो टोरांटोचा स्वेटर. परत पाठवला तर दुकानदार साहेब रागावतील, म्हणून आई तोच घालायला लावते. बर्फाच्या मैदानावर सगळे रिशार एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे. कथेवर १९८०मध्ये सुंदर अ‍ॅनिमेशनपट झाला, आणि कॅनडाच्या पाच डॉलरच्या एका नोटेवर तिच्यातला उतारा छापला गेला. विद्यार्थी ही कथा इंग्रजी-फ्रेंच दुराव्याची म्हणून वाचतात, ते बरोबरच आहे. पण तिच्यात पाच रिशार विरुद्ध पाच रिशार असा सामना होतो, दोन्ही बाजूंना एकच नंबर, हे आमच्या वर्गात कोणी आपणहून टिपल्याचे आठवत नाही. त्या खेड्यात दुसरा खेळाडू होण्याची सोयच नव्हती.

१९५५च्या उन्हाळ्यात रिशारचा जुना जोडीदार टो ब्लेक संघाचा प्रशिक्षक झाला. १९५६पासून १९६०पर्यंत सलग पाच वर्षे माँट्रियलने स्टॅन्ली करंडक जिंकला. त्यात रिशार होता, बेलिव्हो होता आणि जोफ्रियाँही होता. रिशार १९६० साली ५४४ गोलांवर निवृत्त झाला. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, १९६०-६१ मध्ये, जोफ्रियाँने ५० गोल केले. रिशारनंतर तो आकडा गाठणारा तो पहिला, आणि त्या वर्षी आर्ट रॉस करंडकही पुन्हा त्यालाच मिळाला. या खेपेस हुर्यो झाली नाही.

जोफ्रियाँची पत्नी ही हावी मोरेंझची मुलगी. मोरेंझ हा रिशारच्या आधीचा माँट्रियलचा दैवतासमान खेळाडू. १९३७ साली खेळताना पाय मोडून रुग्णालयात असतानाच तो वारला आणि त्याची अंत्ययात्रा फोरममधूनच निघाली. त्याचा सात नंबर संघाने कायमचा बाजूला ठेवला होता. जोफ्रियाँच्या पाच नंबरालाही तोच मान द्यायचे ठरले आणि त्यासाठी ११ मार्च २००६ हा दिवस मुक्रर झाला. त्याच दिवशी सकाळी अटलांटात कर्करोगाने जोफ्रियाँचे निधन झाले. समारंभ रद्द केला नाही. कुटुंबीय माँट्रियलमध्ये होते. संध्याकाळी मोरेंझचा सात नंबरचा ध्वज अर्ध्यावर खाली आणला गेला, त्याच्या शेजारी पाच नंबरचा लावला गेला, आणि सासरा-जावयाचे ते दोन ध्वज एकत्र वर चढवले गेले. प्रेक्षागार उभे होते.